गिरणगाव आठवताना

वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली, याचा आनंद निर्भेळ आहे. त्याच सुमारास ‘आता गिरणगाव उरले नाही’ ही हळहळही पुन्हा ऐकू आली. ती खोटी नाही. मात्र आपण नेमके काय गमावले हे ओळखले नाही, तर ती चाळीच्या गॅलरीत आणि गिरणीच्या भोंग्याच्या आठवणीतच अडकून पडेल.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला सूत निघू लागले. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला; हेच गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमानी गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका महिन्याच्या उधारीवर कामगाराचे पोट सांभाळत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांनाच अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले.

या वस्तीला घर देण्याचा विचार सरकारला सुचला तो १८९६ च्या प्लेगनंतर. आधी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. मग १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. परक्या सरकारने त्या कामगारांच्या मायेपोटी बांधल्या नाहीत. गिरणी चालायची तर कामगार हाकेच्या अंतरावर हवा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. पण त्या हिशेबातून शहराच्या मध्यभागी, कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहण्याची सोय कष्टकऱ्याला मिळाली. गिरणगावचे सारे सार्वजनिक जीवन त्या सोयीवर उभे राहिले.

पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत घरी पोहोचणाऱ्या माणसाला संध्याकाळ उरते. त्या उरलेल्या वेळात भजनी मंडळे, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ आणि परळच्या दामोदर नाट्यगृहातली कामगार रंगभूमी वाढली. चिंचपोकळीचा गणपती १९२० चा, लालबागचा १९३४ चा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा हे सगळे याच गल्ल्यांतून उभे राहिले. नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी इथेच वाढला. महाराष्ट्र राज्य या वस्तीचे देणे लागते, ते असे.

तरीही गिरणगावला स्वर्ग म्हणणे हा तिथल्या माणसांवरच अन्याय होईल. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न खुद्द कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. कापसाच्या धुळीने छाती निकामी झालेले बाप अनेक घरांत होते. १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. या साऱ्याची आठवण गाळून आपण गिरणगावसाठी हळहळलो, तर एका सोज्ज्वळ चित्रावरच प्रेम करत राहू.

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपाने गिरणगाव मारले, असे आजही सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्याचा अंश असला तरी हे अर्धेच उत्तर आहे. अनेक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्त पडत होते आणि गिरणीतल्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन कितीतरी मोलाची झाली होती. गिरणगावचा खरा निकाल या जमिनीने लावला.

ही जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने तिच्या विक्रीची वाट मोकळी केली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हायची. गिरणीच्या इमारती पाडून रिकामी होणारी जागा त्यातून वगळली गेली. शहराचा आणि कामगाराचा वाटा या एका दुरुस्तीने आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मोकळी मैदाने, शाळा आणि परवडणारी घरे यांची जागा मॉल, कार्यालये आणि टॉवर यांनी घेतली, ती काळाच्या ओघाने नव्हे, एका सरकारी निर्णयाने.

त्याची किंमत २०१७ ने दाखवली. गिरणीत चालत जाणाऱ्यांची जागा लोकलने येणाऱ्या लाखोंनी घेतली होती. २९ सप्टेंबरला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पुढे तीनच महिन्यांनी कमला मिल्स या जुन्या गिरणीच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले.

इथे कष्टकरी आजही आहेत. टॉवरचे सुरक्षारक्षक, मॉलमधल्या सफाई कामगार बायका, डबे-पार्सल पोहोचवणारी मुले त्याच जमिनीवर राबतात आणि रात्री नालासोपारा, बदलापूर गाठतात. गिरणी कामगारांची संध्याकाळ त्यांच्या वाट्याला नाही. आपण गमावले ते हेच.

म्हणून या हळहळीचे रूपांतर मागणीत व्हायला हवे. घरांसाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. त्यांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीची वाट दाखवणे म्हणजे त्यांनीच घडवलेल्या शहरातून त्यांची बोळवण करणे. त्यांना मुंबईतच घर द्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे उरलेल्या गिरण्यांच्या जमिनीची वाटणी १९९१ च्या मूळ तत्त्वाने, संपूर्ण क्षेत्रावर करा. त्यातला काही भाग आज तिथे राबणाऱ्यांसाठी भाड्याच्या घरांना राखून ठेवा. आणि बीडीडीच्या नव्या घरांत गेलेल्यांना देखभालीच्या खर्चापायी उद्या घर विकून निघावे लागणार नाही, याची हमी सरकारने आजच द्यावी. १९२० च्या दशकातल्या परक्या सरकारला जो हिशेब कळला होता, तो लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला कळत नसेल, तर त्याला तो समजावून देणे हे गिरणगाव आठवणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.