दहावीची इकॉलॉजी आणि आपली विश्वामित्री



२०२४ च्या ऑगस्टमधला पूर आपण बडोदेकर विसरलेलो नाही. रस्त्यांवर मगरी आल्या आणि पाणी ओसरल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर लागला, "सगळ्या मगरी पकडून लांब सोडून या." पर्यावरणाचा धडा पाठ असलेली मुलंही त्यात होती! तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की इकॉलॉजी नुसती बाकावर बसून येत नाही.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही अन्नसाखळी आपली मुलं घडाघडा म्हणतात. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पोचते, हेही पेपरात लिहितात. मग विश्वामित्रीत मासे पुष्कळ आणि मगरी त्यामानाने थोड्या का, असं विचारा. गप्प! मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. काठ खणून सपाट केला, तर तिनं जायचं कुठं? हा प्रश्न मुलांना पडायला हवा, आणि मोठ्यांनाही.

आता कोणी म्हणेल, मुलांना मगरींजवळ न्यायचं की काय? मुळीच नाही. नदीकाठी उतरायचंच नाही. शाळेचं मैदान किंवा सोसायटीचा मोकळा कोपरा पुरे. चार काठ्या आणि सुतळी घ्या, १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर मुलं हिरवीगार जागाच निवडतात. अशा १० चौकोनांत गाजरगवताची रोपं मोजा. एकूण ४० भरली, तर चौरस मीटरला सरासरी ४. मैदान ५०० चौरस मीटरचं असेल तर अंदाजे २,००० रोपं. मग हेच झाडाच्या सावलीत आणि उन्हात वेगवेगळं करून बघा. फरक का पडला, ऊन, ओल की माती, यावर जी चर्चा होते ना, ती खरी इकॉलॉजी. खर्च सुतळीचा!

अडचण शाळेची कमी, आपली जास्त आहे. शाळेनं बाहेर न्यायचं ठरवलं की आपणच विचारतो, "मार्क किती? ट्युशन बुडेल ना!" सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते सांगताना आपली छाती फुगते. कमाटीबागही त्यांनीच दिली. तिथं आपण मुलांना भेळेसाठी नेतो, तेवढंच.

उद्या काठावर काय बांधायचं आणि काय राखायचं, हे हीच मुलं ठरवणार आहेत. म्हणून माझी विनंती आहे, की येत्या पालकसभेत महिन्यातून एक तास मैदानावरचा मागा. आणि तो मिळेपर्यंत रविवारी सकाळी सुतळी घेऊन खाली उतरा. आजी-आजोबांनाही बोलवा, झाडांची मराठी नावं त्यांनाच येतात.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, जरूर लिहा.