जाळीच्या देवाला जाताय? मोबाईल खिशात ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय. जाळीचा देव. एक बाई केस मोकळे सोडून घुमतेय, ओरडतेय. बाजूला तिची म्हातारी आई पदरानं तोंड झाकून बसलीय. वर भीतीदायक संगीत लावलंय आणि खाली लिहिलंय, ‘भुतांचं गाव, हिंमत असेल तरच पाहा’. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाच ग्रुपमधून आला. त्यातल्या दोन ग्रुपमध्ये पत्रकारच जास्त आहेत. एका न्यूज पोर्टलनं तर तो ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून टाकला. बाईचा चेहरा स्पष्ट दिसतोय. तिच्या गावात, तिच्या सासरी, तिच्या लेकरांच्या शाळेत तो व्हिडिओ पोचला असणार, याचा विचार कुणी केला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाळीचा देव म्हणजे आपल्या भोकरदन तालुक्यातली जयदेववाडी. अजिंठ्याची डोंगररांग, बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळच. महानुभाव पंथाचं मोठं स्थान. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी इथल्या जाळीत येऊन राहिले, म्हणून जाळीचा देव. जाळी म्हणजे काटेरी झुडपांचा दाट पट्टा, आपल्या खेड्यातल्या कुणालाही सांगायला नको. वाघिणीच्या पिलांची गोष्ट तिथं कुणीही म्हातारा माणूस बसवून ऐकवतो. ऐकण्यासारखी आहे.

पण जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाला विचारा, ‘जाळीच्या देवाला काय आहे?’ शंभरातले नव्वद सांगतील, ‘तिथं भूत उतरवतात.’ संपलं. सातशे-साडेसातशे वर्षांच्या एका पंथाची आपल्या डोक्यात एवढीच ओळख. आता रीलवाल्यांनी त्याचं पर्यटन करून टाकलंय. रविवारी गाडी काढायची, वाटेत ढाब्यावर जेवायचं, तिथं जाऊन कुणी घुमताना दिसतंय का बघायचं, शूट करायचं आणि परत. अंगारकीला राजूरला जाणारी आपली माणसं गणपतीपुढं रांगेत गप उभी राहतात, चप्पल बाहेर काढतात. तीच माणसं इथं प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी का वागतात?

याचं उत्तर जुनं आहे. ‘मानभावी’ हा शब्द आपण रोज वापरतो. ‘मानभावीपणानं बोलला’, म्हणजे वरून गोड, आतून कपटी. हा शब्द आला कुठून? ‘महानुभाव’चं लोकांच्या तोंडातलं रूप ‘मानभाव’, आणि त्याचीच शिवी झाली. बोलणं मानभावाचं, करणी कसाबाची, ही म्हण तर एका दमात दोन समाजांना झोडपते. आम्ही बातमीतसुद्धा लिहितो, ‘विरोधकांचा मानभावीपणा’. आपण एका अख्ख्या पंथाच्या नावानं शिवी घालतोय, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं.

आणि ही शिवी कुणाला? ज्यांनी मराठीत गद्य लिहायला सुरुवात केली त्यांना. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या शेवटच्या काळातलं, मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ. चक्रधर स्वामी जन्मानं गुजरातचे, भडोचचे राजपुत्र. संस्कृत येत असूनही माणसांच्या बोलीत बोलले. त्यांच्यानंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना शिष्य संस्कृतात लिहू लागले तर त्यांनी अडवलं, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं. बायांना संन्यास दिला, बरोबरीचं बसवलं. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा याच पंथातली. पाळीच्या विटाळावर चक्रधरांनी तेराव्या शतकात जे सांगितलं, की शरीरातून जसे इतर मळ बाहेर पडतात तसाच हा, ते आज 2020च्या दशकात कीर्तनात सांगायला भल्याभल्यांची जीभ अडखळते.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, ते रिद्धपूर याच पंथाची काशी म्हणून. तिथं भाषणं करायला नेते जातात. आणि त्याच पंथाच्या आपल्या जिल्ह्यातल्या स्थानावर आपण जातो ते भूत बघायला.

पंथावर संशय घ्यायला कारणही होतं, असं काही जण म्हणतील. पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायचे, कुणाला दाखवायचे नाहीत. बरोबर आहे. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा गुप्त लिप्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या उलगडल्या तेव्हा बाहेरच्या जगाला हा खजिना कळला. पण ज्यांच्या नावाची शिवी होते त्यांनी पोथ्या झाकून ठेवल्या, यात नवल ते काय?

जगात हे एकट्या महानुभावांच्या वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेत मॉर्मन म्हणून एक पंथ आहे. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला 1844 साली जमावानं तुरुंगात घुसून मारलं. उरलेले लोक गाडे जुंपून हजाराहून जास्त मैल चालत पश्चिमेला गेले आणि 1847 च्या जुलैत सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचले. तिथं मंदिर बांधायला 40 वर्षं लागली, 1853 ते 1893. ‘मॉर्मन’ हेसुद्धा बाहेरच्यांनी दिलेलं नाव. 2018 साली त्यांच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं, आम्हाला या टोपणनावानं हाक मारू नका, पूर्ण नाव घ्या.

माझा एक वर्गमित्र तिकडं नोकरीला होता, तो कुटुंबासह ते मंदिर बघायला गेला होता. आत सोडलं नाही. पंथाबाहेरच्यांना मंदिराच्या आत प्रवेश नाहीच, नियम म्हणजे नियम. पण बाहेरच्या आवारात दोन तरुण मुली पुढं आल्या, छातीवर नावाची पट्टी, त्यावर स्वतःच्या देशाचा झेंडा, आणि त्यांनी फुकट सगळं फिरवून दाखवलं. कुठल्या दगडाचं बांधकाम, लोक कुठून आले, का आले. आता त्या मुली काही निव्वळ पाहुणचार करत नव्हत्या, आपल्या पंथात माणूस यावा हा हेतू असतोच, आमचा मित्र काही भोळा नाही. पण तो परत आला तेव्हा त्याला त्या पंथाचा इतिहास माहीत होता. त्याला जे पटलं नाही तेही माहितीनिशी पटलं नाही. बहुपत्नीत्वाचा त्यांचा जुना इतिहास आहे, त्यावर तो तासभर वाद घालू शकतो.

आमच्या जाळीच्या देवाला तर आत कुणाला अडवतही नाहीत. तुम्ही कुठल्या जातीचे, कुठल्या देवाचे, कुणी विचारत नाही. ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात आणि वाट देतात. दार उघडं आहे, पण माहिती सांगायला कुणी नाही. बाहेरून आलेल्या माणसाला ‘स्थान’ म्हणजे काय, ओट्याला डोकं का टेकवतात, पंचकृष्ण कोण, हे कळायची सोय नाही. पंजाबातून जयकृष्णी पंथाची माणसं महाराष्ट्रातल्या स्थानांच्या दर्शनाला येतात, एकेकाळी हा पंथ काबूलपर्यंत गेला होता, हे जालना शहरातल्या किती शिक्षकांना माहीत आहे?

तीर्थक्षेत्र विकास म्हटलं की आमच्याकडं काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. कमान. पेव्हर ब्लॉक. भक्तनिवासाचं भूमिपूजन. हायमास्ट. कमानीवर चक्रधर स्वामींपेक्षा मोठा फोटो कुणाचा ते सांगत नाही, तुम्हाला दिसतं. ‘ब’ वर्ग मिळवला, ‘क’ वर्ग मिळवला याचे बॅनर लागतात. दोन परिच्छेदांचा नीट लिहिलेला माहितीफलक लावायला कुठला वर्ग लागतो? एका सुताराचं आणि एका पेंटरचं काम आहे. पण त्यात टक्केवारी निघत नाही.

आता त्या बाईकडं येतो, कारण मूळ मुद्दा तोच.

जाळीच्या देवाला आजारी माणसं येतात हे खरं आहे. घुमतात, ओरडतात, हेही खरं. नातेवाईक त्यांना घेऊन तिथं दिवसेंदिवस राहतात. का राहतात? भोंदू आहेत म्हणून? अहो, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या माणसाच्या घरात कुणाचं डोकं फिरलं तर त्यानं जायचं कुठं? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे पुण्याचं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. एकही मराठवाड्यात नाही. जालन्याला मनोरुग्णालय मंजूर झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी मोठ्या मथळ्यात छापल्या, नेत्यांच्या फोटोसकट. मंजुरीच्या बातमीनं कुणाला झोप लागत नाही, गोळी लागते. ती गोळी गावात मिळत नाही, देव मिळतो. म्हणून माणूस देवाकडं जातो. त्याला हसणाऱ्यानं आधी त्याच्या तालुक्यात मानसोपचार तज्ज्ञ किती दिवस बसतो ते सांगावं.

मी अंधश्रद्धेची बाजू घेतोय असं समजू नका. भूतबाधा नसते, आजार असतो, आणि तो औषधानं आटोक्यात येतो. देवाच्या दारात माणूस सोडून देण्याचे परिणाम देशानं पाहिलेत. 6 ऑगस्ट 2001, तामिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याच्या गावातल्या खासगी आश्रमात आग लागली आणि साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. पळता आलं नाही. आपल्या राज्यात 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, सगळं गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद. आणि रीलवाल्यांनो, नीट ऐका, अशा प्रकारांचा प्रचार-प्रसार हाही त्याच कायद्यात बसतो. यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. त्यामुळं ‘आमच्या धर्मावर घाला’ असं ओरडायचंही कारण नाही.

पंथातल्या जाणत्या मंडळींनाही माझं सांगणं आहे, आदरानं. तुमच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे. मोक्ष देणारा फक्त परमेश्वर. क्षुद्र देवतांच्या, नवससायासांच्या मागं लागू नका हा तर स्वामींच्या शिकवणुकीचा गाभा. मग त्यांच्याच स्थानाची ख्याती भूत उतरवणारं ठिकाण अशी होऊ का दिली? तुम्ही स्वतः हे मोठ्यानं बोललात तर दहा अंनिसवाल्यांपेक्षा जास्त फरक पडेल. दर्शन घ्या, नामस्मरण करा, पण गोळी बंद करू नका, एवढं एक वाक्य तिथल्या लाउडस्पीकरवरून रोज सांगितलं तरी कितीतरी घरं वाचतील. देव आणि दवाखाना दोन्ही चालतात. आमच्या आयाबायांनी हे कधीच ठरवून टाकलंय, आपणच भांडत बसलोय.

काही मित्र कमेंटमध्ये लिहितील, मग आम्ही जायचंच नाही का? जा ना. जरूर जा. श्रद्धा नसली तरी जा, बघायला म्हणून जा. अजिंठ्याची लेणी बघून परतताना वाट वाकडी करा. पावसाळा संपता संपता तिथली डोंगरझाडी बघण्यासारखी असते. पंथ अहिंसेचा आहे, तेव्हा गाडीत बाटली आणि डब्यात मटण घेऊन जाऊ नका. ओट्यावर बसू नका, ती बसायची जागा नाही. एखादी तपस्विनी दिसली तर नमस्कार करा आणि बोला, यातल्या काही जणींना लीळा तोंडपाठ असतात, तुमच्या-माझ्यापेक्षा जुनी मराठी त्यांना येते. आणि कुणी घुमत असेल, रडत असेल, तर नजर दुसरीकडं वळवा. आपल्या बहिणीला बाळंतपणानंतर वेडाचे झटके आले असते तर तिच्याभोवती दहा मोबाईल उभे राहिलेले आपल्याला चालले असते का?

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी 14416, टेलिमानसचा सरकारी नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर व्हिडिओऐवजी फॉरवर्ड करा.

तो व्हिडिओ टाकणाऱ्या पोर्टलच्या माणसाला मी फोन केला होता. नाव सांगत नाही. म्हणाला, ‘भाऊ, पब्लिक बघतंय म्हणून टाकतो, सव्वा लाख व्ह्यूज झालेत.’ मी म्हणलं, चेहरा तरी झाक. म्हणाला, ‘झाकला तर कोण बघंल?’ व्हिडिओ अजून तसाच आहे. सायबर पोलिसांकडं आज लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडं आहे. जाळीच्या देवाच्या माहितीफलकासाठी आणि यात्रेच्या दिवसांत तिथं मानसोपचार तज्ज्ञ बसवण्यासाठी एक निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात सोमवारी देतोय. भोकरदनहून ज्यांना सोबत यायचं त्यांनी सकाळी साडेआठपर्यंत बसस्टँडवर या.