पट घसरला म्हणता, पण शाळा सोडली कोणी?

मलकापुरात जून उजाडला की चर्चा ठरलेली. सरकारी शाळेचा पट घसरला, गुरुजी शिकवत नाहीत, निकाल कुठं आहे? काही गुरुजी कामचुकार आहेत, हे मी नाकारत नाही. पण निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब हे सगळं उरकून दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, आणि तुलना कुणाशी? शिकवणी लावून पोरं पाठवणाऱ्या शाळेशी!

पट आपोआप घसरत नाही. ज्याला फी परवडते तो निघून जातो. मागे उरतात मजुरांची, धनगरवाड्यावरची, आपल्या वस्तीतली लेकरं. मग ऐकून घेणारं कोणी नसतं, कारण तक्रार करू शकणारे पालक आधीच बाहेर पडलेले असतात.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपयापर्यंत दंड होता. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या, सगळी मुलं एका शाळेत आणली. ज्या वेगळ्या शाळा महाराजांनी हुकूम काढून मोडल्या, त्या आज फीच्या पावतीनं पुन्हा उभ्या राहिल्यात.

सरकारचा कल कुठं आहे तेही बघा. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या 25 टक्के जागांतून सूट दिली. म्हणजे गरिबांनी गरिबांच्याच शाळेत बसावं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये ती रद्द केली. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची टांगती तलवार मात्र आहेच. शाहूवाडीच्या पावसात वाडीवरची शाळा लांब गेली, तर पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी.

2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशला सांगितलं होतं, सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घाला. आपल्यातले किती नोकरदार तयार होतील? जयंतीच्या स्टेजवर 'शिका' म्हणणाऱ्यांची पोरं कुठं शिकतात?

दुसऱ्याला कशाला विचारू. माझी मुलगी इंग्रजी बालवाडीत आहे. येत्या जूनला तिची पहिली. मी सरकारी शाळा म्हणतो, बायको म्हणते, "तुमच्या चळवळीचा प्रयोग माझ्या पोरीवर नको." तिचंही चूक म्हणवत नाही. वाद अजून मिटलेला नाही.