दुबार नाव शोधायला एक ओळ पुरते, दुबार माणूस शोधायला नाही

मुंबई महापालिका निवडणुकीच्या प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबर २०२५ ला आल्या आणि पुढच्या चार-पाच दिवसांत एक आकडा सगळीकडे फिरला. सुमारे १ कोटी ३ लाख मतदारांच्या यादीत ४ लाख ३३ हजार नावं एकापेक्षा जास्त वेळा आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मिळून नोंदी भरतात ११ लाख १ हजार ५०५. एखादं नाव तर १०३ वेळा! याद्यांच्या मुद्द्यावर विरोधकांचा मोठा मोर्चा १ नोव्हेंबरलाच मुंबईत निघाला होता. त्यामुळे हा आकडा आल्या आल्या ज्याने त्याने त्यातून हवा तो अर्थ काढला.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने मला टॅग करून विचारलं, "तू इंजिनियर ना? मग हे कॉम्प्युटरला कळत नाही का? डुप्लिकेट काढायला असा कितीसा वेळ लागतो?"

मामाचा प्रश्न चुकीचा नाही. शोधायला खरंच वेळ लागत नाही. पण शोधणं आणि काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक मला स्वतःला चूक करून कळलाय.

आधी शोधण्याबद्दल. बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव येतं एक्सेलचं. पण एक्सेलच्या एका शीटमध्ये जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे मुंबईची पूर्ण यादी सोडाच, नुसत्या संशयित दुबार नोंदीसुद्धा एका शीटमध्ये बसत नाहीत. हे फक्त गमतीपुरतं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोरोनाचे आकडे जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतले होते. त्या फाइलची मर्यादा ६५,५३६ ओळींची. त्यापुढच्या ओळी गुपचूप गळाल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत वेळेवर आलीच नाही. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणंही तेवढं लांबलं.

साध्या टेक्स्ट फाइलला अशी मर्यादा नाही. एक ओळ म्हणजे एक नोंद, मधे स्वल्पविराम. आणि अशा फाइलींवर काम करायची हत्यारं पन्नास वर्षांपासून तयार आहेत. बेल लॅब्जमध्ये युनिक्स बनत होतं तेव्हा डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला की एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात जाता यावा, नळाला नळ जोडल्यासारखा. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते करून दिलं. तोच 'पाइप', कीबोर्डवरची ती उभी रेघ. त्यामुळे प्रत्येक हत्यार एकच छोटं काम करतं. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी वेचतो, 'कट' हवा तो रकाना कापून देतो, 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावतो, 'युनिक' एकसारख्या ओळी ओळखतो.

युनिकची एक खोड आहे. तो फक्त शेजारशेजारच्या ओळी बघतो. एक सुनीता पाचव्या ओळीत आणि दुसरी नऊ हजाराव्या ओळीत असेल तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून आधी सॉर्ट, मग पाइप, मग युनिक. युनिकला 'डी' हा पर्याय दिला तर जे दोनदा आलंय तेवढंच दाखवतो, 'सी' दिला तर किती वेळा आलंय ते मोजतो. एक कोटी ओळी असल्या तरी साधा लॅपटॉप हे मिनिटभरात उरकतो. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून तुम्हीही करून बघू शकता. व्हॉट्सॲपचा ग्रुप चॅट एक्सपोर्ट केला की टेक्स्ट फाइलच मिळते. त्यातून सगळ्यात जास्त 'गुड मॉर्निंग' कोण पाठवतं ते काढा. (आमच्याकडे मामाच निघाला.)

आता माझी चूक. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची होती. यादी तीन वेगवेगळ्या लोकांनी टाइप केलेली, दुबार नोंदी भरपूर. मी झोकात एक शेल स्क्रिप्ट लिहिली. शेल स्क्रिप्ट म्हणजे काय, तर अशाच आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, पुढच्या वेळी फक्त ती फाइल चालवायची. त्यात मी सॉर्टला 'यू' पर्याय दिला. तो दुबार ओळी दाखवत बसत नाही, एक ठेवून बाकीच्या सरळ टाकून देतो. आणि तुलना लावली फक्त नावाच्या रकान्यावर. स्क्रिप्ट चालली, ६१ ओळी कमी झाल्या, मी मॅनेजरांना सांगितलं, "यादी साफ झाली."

दिवाळीआधी लाभांश वाटप झालं. त्या आठवड्यात मी तिथेच होतो. एक बाई पासबुक घेऊन काउंटरवर आल्या. यादीत त्यांचं नाव होतं, पण पुढे सभासद क्रमांक दुसराच. क्लार्क म्हणाला, "मावशी, ही रक्कम गेली की परवा." "कुणाला गेली?" "सुनीता राजेंद्र पवार." "अहो, मीच की सुनीता राजेंद्र पवार!"

दोघी खऱ्या होत्या. दोघींच्या नवऱ्यांचं नाव राजेंद्र, गाव एकच, आळ्या वेगळ्या. मी त्यातली एक पुसून टाकली होती. जुनी फाइल ठेवली होती म्हणून निभावलं. ६१ च्या ६१ ओळी हाताने तपासल्या तेव्हा सुनीताबाईंसारखी आणखीही माणसं निघाली. एवढ्याशा गावात. स्क्रिप्टमध्ये बग नव्हता, मी सांगितलं तेच तिने केलं. मी सांगितलं होतं की नाव सारखं तर माणूस सारखा.

हेच मुंबईच्या आकाराला नेऊन बघा. समजा एखादं आडनाव शंभरात एकाचं आहे आणि एखादं स्त्रीचं नाव दोनशेत एकीचं. पन्नास लाख स्त्रियांच्या यादीत त्या नाव-आडनावाच्या साधारण २५० जणी योगायोगानेच निघतील. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलं की संख्या झपाट्याने घटते, पण शून्य होत नाही. म्हणून '१०३ वेळा' हे ऐकायला भयंकर वाटलं तरी त्यातून एकटं काहीच सिद्ध होत नाही. ना घोटाळा, ना घोटाळा नसणं. कोणते रकाने जुळवून हा आकडा काढला ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उलट बाजूही आहे. खरोखर दुबार असलेली माणसं या पद्धतीने सुटून जातात, आणि मराठीत तर फारच सहज. सुनीता आणि सुनिता, सूर्यवंशी आणि सुर्यवंशी हे तर डोळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त त्रासदायक. 'कुऱ्हाडे' या आडनावातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांनी. अर्ध्या ऱ साठी अदृश्य जोडचिन्ह वापरायची तिसरी पद्धतही आहे. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, युनिकसाठी तीन वेगळी आडनावं. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या नियमाने एकसारख्या करून घेता येतात. पण वसईच्या एखाद्या ॲंथनीमधला ॲ एकाने एका चिन्हाने टाइप केला आणि दुसऱ्याने अ वर चंद्र देऊन, तर तो नियमही कामाला येत नाही, स्वतः बदलून घ्यावं लागतं. ही हत्यारं बनली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा हिशेब होता. आपला 'विठ्ठल' यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतो. 'ऑक' या हत्याराच्या मूळ आवृत्तीत युनिकोडची सोय तर २०२२ मध्ये आली, आणि तीही त्याच्या तीन जनकांपैकी एक असलेल्या ब्रायन कर्निहॅन यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतः बसून केली.

मग तुम्ही-आम्ही यादी तपासून बघायची म्हटलं तर? महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादीच प्रभागांत विभागून वापरलीय. आणि विधानसभेच्या याद्या भारत निवडणूक आयोग लोकांना देतो त्या चित्राच्या पीडीएफमध्ये. म्हणजे पानाचा फोटो. त्यात ग्रेपला शोधायला अक्षरच नाही. आधी ओसीआर चालवून चित्राचा मजकूर करावा लागतो. टेसरॅक्ट हे फुकट साधन मराठी वाचतं, पण 'धुमाळ'चा 'घुमाळ' करतं, भ आणि म मध्ये गोंधळतं. म्हणजे तपासण्याआधीच यादीत आपण नव्या चुका घातल्या. मग राजकीय पक्ष माणसं बसवून पानं चाळतात, पत्रकार परिषदेत कागदांचे गठ्ठे दाखवतात, आणि समोरचा म्हणतो तुमची मोजणीच चुकीची.

मजकूर स्वरूपातली यादी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये फेटाळली गेली. कमलनाथ यांची ती याचिका होती. आयोगाचा मुद्दा होता खासगीपणाचा, आणि न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की हवं असेल तर याचिकाकर्त्यांनी स्वतःच्या मेहनतीने रूपांतर करून घ्यावं. खासगीपणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. कोटभर लोकांचं नाव, वय आणि घर नंबर एका फाइलमध्ये मिळाले की स्पॅम कॉलवाल्यांपासून दंगलखोरांपर्यंत कुणीही 'आडनावावरून घरं' ही एक ओळीची आज्ञा चालवू शकतो. पण फोटोच्या पीडीएफने असा माणूस थांबत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि सर्व्हर आहेत तो ओसीआर करूनच घेतो. थांबतो तो कॉलेजचा विद्यार्थी किंवा सोसायटीचा सेक्रेटरी. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारच्या यादीतून वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांबाबत न्यायालयाने वेगळी वाट काढली. वगळण्याच्या कारणासह यादी वेबसाइटवर टाका आणि मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून ती शोधता येऊ द्या, असा अंतरिम आदेश दिला. सगळं उघडं करणं आणि सगळं चित्रात गोठवणं यांच्या मधे जागा आहे, हे तिथे दिसलं.

नुसत्या जुळणीवर नावं काढली तर काय होतं, तेही अमेरिकेत बघून झालंय. तिथे अनेक राज्यं 'क्रॉसचेक' नावाच्या योजनेत याद्या एकत्र करून नाव आणि जन्मतारीख जुळवायची. स्टॅनफर्ड, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की योजनेने सुचवलेली एक पद्धत वापरली तर दोनदा मतदानाची एक नोंद अडवण्यासाठी सुमारे ३०० वैध दिसणाऱ्या मतांच्या नोंदी उडतील. आणि तिथे जन्मतारीखही जुळवली होती! २०१९ मध्ये ती योजना बंद पडली.

या दृष्टीने पाहिलं तर आपल्या राज्य आयोगाने संशयित नावापुढे दोन तारे द्यायचे ठरवलं ते मला पटतं. हा युनिकचा 'डी' पर्याय झाला, सॉर्टचा 'यू' नव्हे. नाव यादीत राहतं. मग स्थानिक कर्मचारी लिंग, पत्ता, फोटो बघतात, मतदार कुठल्या केंद्रावर मत देणार ते विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर मतदान केंद्रावर हमीपत्र घेतात. पटत नाही ते हे की ११ लाखांच्या आकड्यामागचा नियम समोर ठेवलेला नाही. स्क्रिप्ट असेल तर ती चार-पाच ओळींची असणार. कुठला रकाना घेतला, स्पेलिंग एकसारखं केलं का, वय धरलं का, हे त्या ओळींत लिहिलेलं असतं. त्यात कुणाचंही नाव-पत्ता नसतो, त्यामुळे खासगीपणाची अडचणही नाही. ती फाइल वेबसाइटवर टाकली असती तर मामाचा आणि विरोधकांचा निम्मा वाद तिथेच मिटला असता, किंवा निदान मुद्द्यावर आला असता.

पतसंस्थेतली माझी स्क्रिप्ट अजून चालते. आता ती काहीच काढत नाही. जुळणाऱ्या जोड्या 'विचारा' नावाच्या फाइलमध्ये लिहिते आणि क्लार्क एकेकाला फोन लावतो. दोन्ही सुनीताबाई दरवर्षी त्या फाइलमध्ये येतात. गेल्या वेळी फोन केला तर मावशी म्हणाल्या, "आहे रे बाबा, अजून आहे. आणि ती पण आहे."