ऋण चिन्हाचा प्रश्न

बारावीच्या परीक्षेचा मुंबई विभागाचा कारभार ज्या वाशीतून चालतो, त्याच नवी मुंबईत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा दिवस शिकवणी वर्गातच उगवतो आणि तेथेच मावळतो. कारण उघड आहे. 2025च्या राज्य सामायिक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून प्रश्न 100 आणि वेळ 90 मिनिटे. एका प्रश्नाला 54 सेकंद! एवढ्यात विचार कोण करणार? सूत्र आठवायचे नि पर्याय निवडायचा.

मंडळाच्या 70 गुणांच्या लेखी परीक्षेत मात्र तोच विद्यार्थी अडखळतो. लेन्झच्या नियमातील ऋण चिन्ह त्याला पाठ असते, त्यामागचे कारण ठाऊक नसते. ते चिन्ह धन असते, तर प्रवर्तित विद्युतधारेने मूळ बदलच वाढवला असता आणि ऊर्जा शून्यातून निर्माण झाली असती. हे उमजण्यास 54 सेकंद अपुरे आहेत. एक चुंबक, तारेचे वेटोळे आणि शेजारी शांतपणे बसणारे जाणते माणूस पुरेसे आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून आणि खाडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते, रसायनतज्ज्ञ या नगरीत थोडे नाहीत. त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ सोसायटीतील मुलांना द्यावी. उत्तर लगेच सांगू नये. वहीतली चूक आधी त्या मुलालाच शोधू द्यावी.