केवळ करमणुकीसाठी

वर्ष सरलं की हिशेब मांडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. व्यापारी दिवाळीत चोपड्या पूजतो, नोकरदार मार्चअखेरीला करसवलतीचे कागद गोळा करतो आणि घरातली बाई पाडव्याच्या आधी माळा आवरताना गेल्या वर्षात नको ते काय काय घरात आलं, याची मनातल्या मनात बेरीज करते. यंदा मीही एक हिशेब मांडला. गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत मी २७ कादंबऱ्या वाचल्या. त्यातली एकही परीक्षेसाठी नाही, परीक्षणासाठी नाही, महिला मंडळात चार शब्द बोलायचे म्हणूनही नाही. केवळ करमणुकीसाठी.

हा आकडा ज्यांना सांगितला, त्यातल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : ‘एवढं वाचून मिळालं काय?’ गंमत अशी की, वर्षभरात मालिकांचे तीनशे भाग पाहणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. क्रिकेटचा सामना दिवसभर पाहणाऱ्याला तर नाहीच नाही. कादंबरी वाचणाऱ्यालाच तेवढी पावती दाखवावी लागते. आपल्या घरांमधून वाचन का आटत चाललं, याचं उत्तर मला या प्रश्नातच दडलेलं दिसतं.

माझं माहेर लालबागचं, सासर गिरगावचं आणि आता मुक्काम दादरला. बँकेत नोकरी होती, तेव्हा वाचन नव्हतं असं नाही. पण ते बसच्या रांगेतलं, एक डोळा येणाऱ्या बसच्या नंबरावर ठेवून केलेलं. निवृत्त झाल्यावर वाचनालयाची वर्गणी भरली आणि स्वतःला तीन नियम घालून दिले. ‘हे वाचायलाच हवं’ असं कोणी सांगितलं म्हणून वाचायचं नाही. पन्नास पानांत जीव रमला नाही, तर पुस्तक मुकाट्यानं परत करायचं. आणि टिपणं काढायची नाहीत. दुसऱ्या नियमापायी सहा पुस्तकं अर्ध्यावरून परत गेली. त्यात दोन चांगली पुरस्कार मिळालेली होती. पण जेवायला बसलेल्या माणसानं न आवडलेली भाजी बाजूला सारली, तर तो काही स्वयंपाकाचा अपमान नव्हे!

कादंबरी आपल्याकडे आली तीच मुळी उपदेशाचं बोट धरून. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विधवांची दुःखं समाजापुढे मांडावीत, हा तिचा हेतू. हेतू थोरच होता. पण त्यानंतर तीसएक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी साप्ताहिक काढलं, तेव्हा त्याला नाव काय दिलं? ‘करमणूक’! १८९० मध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्यानं आली आणि १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. विधवेच्या केशवपनासारख्या क्रूर रूढीवर इतका खोल घाव घालणारं लेखन करमणुकीच्या नावाखाली घराघरांत शिरलं, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. हरिभाऊंना आपला वाचक ठाऊक होता. त्याला आधी गोष्टीत गुंतवायचं, मग तो आपोआप विचारात गुंततो. उलटं केलं, तर दोन्ही हातचं जातं.

ही कादंबरी मी यंदा दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली ती लग्नानंतर, गिरगावात. आमच्या सासूबाईंच्या मते वाचायची ती पोथी. कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकडेपणा. दुपारी दोनच्या सुमारास मी पुस्तक उघडलं की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एके दिवशी गव्हातले खडे निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, ‘काय गं एवढं आहे त्यात?’ मी यमूची हकिगत सांगितली. माहेरचं कोडकौतुक, सासरचा जाच, मग मुंबईत नवऱ्याबरोबर थाटलेला संसार. दुसऱ्या दिवशी दोन वाजता सासूबाई भिंतीकडे वळल्या नाहीत. ‘पुढे काय झालं गं त्या यमूचं?’ म्हणून माझ्यासमोर येऊन बसल्या. मग उरलेली कादंबरी मी मोठ्यानं वाचली. यमूवर वैधव्य कोसळलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर आपल्या एका आत्याबद्दल बोलल्या. त्या आत्याचं नाव तोवर त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न जितका साधा, तितकाच मोठा. दुसऱ्याचं पुढे काय झालं असेल, याची काळजी लागणं हीच माणुसकीची पहिली पायरी. कादंबरी ती काळजी गोडीगुलाबीनं लावते.

आता लालबागकडे वळते. गिरणगावातल्या आमच्या चाळीत पुस्तकांची कपाटं नव्हती, पण पुस्तकं होती. ती खिळखिळी, कव्हरं निघालेली, या खोलीतून त्या खोलीत फिरणारी. त्यात अर्ध्याहून अधिक बाबूराव अर्नाळकरांची. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसं आमच्या मजल्यावरच राहात असावीत, इतकी ओळखीची होती. वडील गिरणीत साच्यावर होते. पाळी संपवून आले की चहा आणि अर्नाळकर. समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्यात कुठलं स्थान दिलं, याची वडिलांना वार्ताही नव्हती.

१८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमच्या घरी आधी वर्तमानपत्र बंद झालं, मग दूध अर्ध्यावर आलं. भाड्यानं पुस्तकं आणणं तर केव्हाच थांबलं. तेव्हा मजल्यावरची असतील नसतील ती जुनी पुस्तकं सगळ्यांनी एकत्र केली आणि ती आळीपाळीनं फिरू लागली. खुनी कोण, हे पहिल्या पानापासून ठाऊक असायचं, तरी वडील वाचायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, ‘अहो, काय त्या खोट्या गोष्टी घेऊन बसता?’ वडील म्हणाले, ‘दिवसभर खरं ऐकून कान किटलेत. घटकाभर खोटं वाचू दे.’ करमणूक ही भरल्या पोटाची चैन आहे, असं जे म्हणतात, त्यांना मी हे उत्तर नेहमी ऐकवते. पोट रिकामं असतानाही माणूस माणूसच राहतो, आणि माणसाला गोष्ट लागते.

यंदाच्या वर्षात ठरवून नव्हे, पण एकातून दुसरं असं होत मी आपल्याच वस्तीच्या कादंबऱ्यांकडे वळले. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ गिरणीकामगारांच्या जगण्यावरची. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ मध्ये आली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर आसूड ओढला होता. नाक्यावरच्या पोरांची ती भाषा आजही कानाला टोचते. पण त्या पोरांचं रिकामपण आज जास्त टोचतं. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ वाचताना मंत्रालयापासून रस्त्यापर्यंतचं शहर एका दमात डोळ्यांपुढून जातं. याच कादंबरीवर आणि ‘सिंहासन’वर १९७९ चा ‘सिंहासन’ हा चित्रपट बेतलेला होता, हे अनेकांना आठवत असेल. आणि किरण नगरकरांची ‘रावण आणि एडी’ तर आमच्या शेजारची, माझगावच्या चाळींची. एका मजल्यावर हिंदू, दुसऱ्यावर ख्रिस्ती. जिना एक आणि जगं दोन. मूळ इंग्रजी १९९५ चं, मी वाचला तो मराठी अनुवाद. चाळीच्या गॅलरीतून खाली पडणाऱ्या बाळापासून सुरू होणारी ही गोष्ट वाचताना मी एकटीच मोठ्यानं हसत होते, आणि घरातले काळजीनं पाहात होते.

परळ-लालबागचा रस्ता आज पाहिला, तर गिरण्यांच्या जागी मॉल आणि मान वर करून पाहावे लागणारे मनोरे दिसतात. तिथे भोंगा वाजायचा, हे नातवंडांना सांगावं लागतं. सांगितलेलं त्यांना पटतं, पण दिसत नाही. कादंबरीत मात्र दिसतं. शहराचा इतिहास पाटीवर लिहिता येतो; शहराचा वास, त्याची शिवी आणि त्याची दुपार कादंबरीतच राहते.

सगळं वाचन असं उंबऱ्यापाशीच घोटाळलं असंही नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडातली. तिथली बोली पहिल्या दहा पानांत अडली आणि विसाव्या पानापर्यंत कौतिक माझी सख्खी मैत्रीण झाली. संसार सावरण्यासाठी ती जे जे करते आणि ते जसं जसं निसटत जातं, ते वाचून दोन रात्री झोप नीट लागली नाही. याला करमणूक म्हणायचं का? मी म्हणेन. जीव रमला, गुंतला, दुसरं काही सुचलं नाही. करमणूक म्हणजे केवळ हसणं, ही समजूत अलीकडची.

आणि श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’! दोन जाडजूड खंड, खोतांच्या पिढ्या आणि जगबुडी नदी. पावसाळ्याचे सगळे दिवस या कादंबरीनं खाल्ले. पेंडशांनी मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली आणि मन मात्र कोकणात ठेवलं. लालबाग-परळच्या निम्म्या चाळींचं तेच नव्हतं का? देह गिरणीत आणि जीव गावच्या घरात. ही कादंबरी वाचताना मला कोकणापेक्षा आमची चाळच जास्त आठवली.

आता एक आक्षेप. करमणूकच हवी, तर हातात फोन आहे. त्यात चित्रपट आहेत, मालिका आहेत. मग डोळे का शिणवायचे? मी या गोष्टींची वैरीण नाही, मीही पाहते. पण फरक आहे. पडद्यावरची यमू कशी दिसते, हे दुसऱ्या कोणी तरी ठरवलेलं असतं. पुस्तकातली यमू मला घडवावी लागते. तिला मी माझ्या आत्याचे डोळे देते, माझ्या आईचा आवाज देते. हे काम दमवतं, म्हणून त्याचा आनंदही टिकतो. आणि कादंबरी माझ्या चालीनं चालते. मला थांबावंसं वाटलं, तर तीही थांबते.

दुसरा आक्षेप विद्वानांचा : नुसत्या मनोरंजक पुस्तकांनी अभिरुची बिघडते. माझा अनुभव उलटा आहे. झुंजारच्या बोटाला धरून मी वाचायला शिकले आणि पुढे ‘धग’पर्यंत पोहोचले. वडील अर्नाळकरांपाशीच राहिले. बिघडलं कोणाचं? त्यांचंही नाही आणि माझंही नाही. शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून वारा खाणाऱ्याला हाकलून लावलं, तर वर चढणारेही येत नाहीत.

आपण मात्र नेमकं हेच केलं. मुलांच्या हाती पुस्तक दिलं, ते संस्कारासाठी, स्पर्धेसाठी, भाषा सुधारण्यासाठी. वाचून झालं की लगेच ‘तात्पर्य काय?’ १५ ऑक्टोबरला २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण पुस्तक हे औषध आहे, असं सतत सांगितलं, की मुलं त्याच्याकडे काढा पाहावा तसं पाहतात. काढा नाक दाबून एकदा घेता येतो, जन्मभर नाही.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. गिरगावातल्या ज्या खटाववाडीतून ‘मौज’नं मराठीला उत्तमोत्तम पुस्तकं दिली, ती वाडी माझ्या सासरपासून चालत पाच मिनिटांवर. एवढी श्रीमंती पायाशी असलेल्या या वस्त्यांमध्ये आज वाचनालयात गेलं, तर रांगेत बहुतेक डोकी माझ्यासारखी पांढरी. आम्ही आहोत तोवर कपाटं उघडतील; पुढचं कोण उघडणार? वाचनालय देणग्यांवर तगतं, पण जगतं ते ‘याचा पुढचा भाग आला का हो?’ असं विचारणाऱ्यांवर.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती. मुलांना वाचा म्हणून सांगू नका. स्वतः वाचत बसा, आणि वाचताना हसा, चिडा, डोळे पुसा; त्यांना दिसू द्या. त्यांनी भुताखेतांचं पुस्तक मागितलं, तर ते आणून द्या. अर्ध्यावर टाकलं, तर रागावू नका. तात्पर्य तर चुकूनही विचारू नका. विचारायचंच असेल, तर सासूबाईंनी विचारलं तेवढंच विचारा, ‘पुढे काय झालं?’ आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसा.