पाय कापायला विमा, वाचवायला खिसा

मधुमेहाच्या चर्चेत डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांना जेवढी जागा मिळते, तेवढी पावलांना मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याच्या आकड्याने मथळे व्यापले. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के, आणि २६.४ टक्क्यांसह गोवा देशात सर्वांत पुढे. यांतील किती जणांना तपासणीच्या वेळी पायातले बूट-मोजे काढायला सांगितले जाते, हा प्रश्न मात्र मथळ्यांपर्यंत पोहोचला नाही.

वस्तुत: पायाचे विच्छेदन अचानक ओढवत नाही. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायांतील मज्जातंतू निकामी होत जातात. चपलेतला खडा टोचत नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही. बोटे वाकडी होतात, टाचेमागचा स्नायुबंध आखडतो आणि चालताना शरीराचा भार पावलाच्या पुढच्या भागात एकाच ठिकाणी पडत राहतो. तेथे घट्टा येतो आणि घट्ट्याखाली जखम होते. मधुमेहींच्या विच्छेदनांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांची सुरुवात अशा साध्या जखमेनेच होते. त्यात रक्तपुरवठा कमी असेल आणि जंतुसंसर्ग झाला, तर पुढचा प्रवास वेगाने होतो.

म्हणजे हा प्रश्न जितका साखरेचा, तितकाच भाराचाही आहे. आणि भार हा अस्थिशल्यविशारदाचा विषय. वाकलेल्या बोटाचा स्नायुबंध छोट्याशा छेदाने सैल करता येतो, टाचेमागचा लांबवता येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ प्लास्टर घातलेल्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा जखम झाली. प्लास्टरच्या जोडीला स्नायुबंध लांबवलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. अर्थात, प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवी असे नाही, आणि रक्तप्रवाह तपासल्याशिवाय तर मुळीच नको. 'शार्को' या विकारात पाऊल सुजते, गरम व लाल होते, पण फारसे दुखत नाही. मुरगळले असेल किंवा संसर्ग असेल, असे समजून काही आठवडे जातात. तेवढ्यात रुग्ण चालत राहिला तर आतली हाडे मोडून तळवा खाली फुगतो. वेळीच प्लास्टर घातले तर हे बहुतांशी टळते.

यातली खेदाची बाब अशी की, बधिर पावलाचे हे शास्त्र मोठ्या प्रमाणात भारतातच घडले. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना हरपल्याने झालेल्या इजांनी ती नष्ट होतात. भार विभागणारे प्लास्टर आणि मऊ रबरी तळाच्या चपला हे त्यावरचे उपाय. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत गेले आणि तेच ज्ञान तेथे मधुमेहींसाठी वापरले जाऊ लागले. आपल्याकडे कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना आजही अशा चपला सरकारकडून मिळतात. मधुमेहाने पाय तितकाच बधिर झालेल्या माणसाला त्या स्वत:च शोधाव्या लागतात. जयपूर फूटचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण कृत्रिम पायाची कीर्ती झाली, खरा पाय वाचवण्याची पद्धत मागे पडली.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतो. पाय कापला तर खर्च मिळतो. आठवड्यामागून आठवडे होणारे ड्रेसिंग, बाह्यरुग्ण विभागात बदललेले प्लास्टर आणि खास बूट यांचा खर्च बहुधा खिशातून जातो. रिक्षा चालवणाऱ्या किंवा दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला दोन-तीन महिने पायावर भार न देणे परवडत नाही, ही गोष्ट वेगळीच. पाय गेल्यावर मात्र रोजगारच जातो, आणि मोठ्या विच्छेदनानंतर पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात.

इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ पासून मधुमेही पावलांच्या उपचारांची राष्ट्रीय तपासणी होते. जर्मनीत २०२० पासून अशा विच्छेदनापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि त्याचा खर्च सार्वजनिक विमा उचलतो. भारतात २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने पावलांच्या तज्ज्ञाला, म्हणजे पोडियाट्रिस्टला, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. पण जिल्हा रुग्णालयांत हे पद सहसा दिसत नाही. पावलाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक धागा पुरतो आणि परिचारिकाही ही तपासणी करू शकते. सरकारी विमा योजनांच्या दरपत्रकात प्लास्टर आणि चपलेसाठी एक ओळ वाढवणे हे त्याहून अवघड नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्याला तर याची सुरुवात सर्वांत आधी करता येईल.